किरणांना कॅन्सरची पेशी ओळखता येते का?

प्रश्न असा आला आहे: वडिलांचं वय ५८. गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता ६ आठवड्यांत ३० सिटिंग रेडिएशन सांगितलंय. किरणांनी चांगल्या पेशीही मरत असतील, मग फक्त कॅन्सरच्याच मराव्यात हे जमतं कसं? रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत जोरात देऊन का संपवत नाहीत? आणि मध्ये घरात लग्न आहे, आठवडाभर खंड पडला तर चालेल का?

किरणांना पेशी ओळखता येत नाहीत. जबड्यातून जाताना वाटेत कॅन्सरची पेशी आली काय आणि गालाच्या अस्तराची निरोगी पेशी आली काय, दोघींना मार सारखाच बसतो. फरक पडतो तो मार बसल्यानंतर, पुढच्या काही तासांत आणि काही दिवसांत. तुमचे बाकीचे प्रश्नही शेवटी याच फरकाशी येऊन थांबतात. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघतेय. जवळजवळ प्रत्येक घरातून हे विचारलं जातं आणि ओपीडीच्या गर्दीत त्याला पाच मिनिटंही धड मिळत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मार म्हणजे काय ते बघू. तुमच्या वडिलांना रोज बहुधा २ ग्रे डोस मिळेल. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनाच्या भागात एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रेमुळे त्या भागाचं तापमान जेमतेम ०.०००५ अंश सेल्सिअसने वाढतं. म्हणजे पेशी भाजून किंवा जळून मरत नाहीत. ‘आतून जाळतात’ ही भीती इतकी पसरलीय की काही पेशंट पहिल्या सिटिंगला घाबरून थरथरत असतात. मशीनखाली काहीच जाणवत नाही, मग बाहेर येऊन विचारतात, ‘मॅडम, मशीन चालू होतं ना?’

काम होतं ते डीएनएवर. किरण पेशीत शिरले की अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. पेशीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे तुटतात ते मुख्यतः पाण्याचे रेणू. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक तुकडा तयार होतो. तो क्षणाच्या अगदी सूक्ष्म भागापुरता टिकतो, पण डीएनएच्या जवळ असेल तर तेवढा वेळ त्याला पुरतो. क्ष-किरणांचं सुमारे दोन तृतीयांश नुकसान असं पाण्यामार्फत होतं. डीएनए हा दुपेडी धागा. १ ग्रे डोसमध्ये एका पेशीत साधारण हजारभर ठिकाणी त्याचा एक पेड तुटतो, आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही पेड एकाच जागी तुटतात. एकच पेड तुटला तर समोरचा शाबूत पेड बघून पेशी तो बिनचूक जोडते, त्याला फारसा वेळही लागत नाही. दोन्ही तुटले की टोकं मोकळी सुटतात. मग कधी चुकीची टोकं एकमेकांना चिकटतात, कधी मधला तुकडा गळून जातो. पेशीचा जीव जातो तो या दुहेरी तुटीमुळे.

पण तो लगेच जात नाही. तुटकं गुणसूत्र, म्हणजे डीएनएची गुंडाळी, घेऊनही पेशी काही दिवस नेहमीसारखी जगते. मरते ती विभाजनाच्या वेळी, कारण तेव्हा गुणसूत्रांची समान वाटणी करावी लागते आणि तुटक्या-गुंतलेल्या गुणसूत्रांची वाटणी होत नाही. काही पेशी पहिल्याच विभाजनात संपतात, काही दोन-तीन वेळा विभागून मग संपतात. म्हणून रेडिएशन संपलं त्या दिवशी गाठ अजून हाताला लागली तर घाबरायचं नसतं. ती पुढे आठवडे विरघळत राहते, आणि गाठ न काढता फक्त रेडिएशन दिलेल्या पेशंटचा पेट-सीटी (कॅन्सर कुठे उरलाय का ते दाखवणारा स्कॅन) आम्ही साधारण १२ आठवड्यांनी करतो. या नियमाला अपवाद आहेत. रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि लाळ तयार करणाऱ्या पेशी विभाजनाची वाट न बघता काही तासा-दिवसांत मरतात. बाकी कुठे काही दिसत नसतानाही पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच तोंड कोरडं पडायला लागतं, ते यामुळे.

आता फरकाकडे. निरोगी पेशीत तपासणी नाके असतात. डीएनए तुटला की पी-५३ सारखी प्रथिनं विभाजन थांबवतात, दुरुस्ती होऊ देतात, आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर पेशीला संपवतात. कॅन्सरच्या पेशीत, विशेषतः तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, पी-५३ बऱ्याचदा बिघडलेलं असतं. अशी पेशी तुटकं गुणसूत्र घेऊनच पुढे विभाजनात उडी घेते. शिवाय अनेक कॅन्सरमध्ये दुरुस्तीच्या यंत्रणेतही कुठे ना कुठे खोट असते.

यावरून ‘कॅन्सरची पेशी नाजूकच असते’ असं मात्र समजू नका. इंटरनेटवर हे वाक्य सरसकट सापडतं आणि ते चूक आहे. अंडकोषाचा सेमिनोमा २०-३० ग्रेमध्ये विरघळतो, तर मेंदूचा ग्लिओब्लास्टोमा ६० ग्रे घेऊनही पुन्हा उगवतो. पी-५३ नसल्यामुळेच काही पेशी स्वतःला संपवत नाहीत आणि उलट चिवट होतात. प्रत्येक गाठीत सगळ्या प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. एका दिवसाच्या डोसमध्ये निरोगी आणि कॅन्सरच्या पेशींतला फरक बहुतेक वेळा अगदी थोडासाच असतो.

हा थोडासा फरक मोठा कसा होतो ते आकड्यांत दाखवते. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. समजा २ ग्रेच्या एका सिटिंगनंतर कॅन्सरच्या १०० पेशींतल्या ५० वाचतात आणि निरोगी १०० पेशींतल्या ६०. एवढ्या फरकाने काय होणार, असं वाटेल. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ५० मधल्या पुन्हा निम्म्या, म्हणजे २५ राहतात, तिकडे ३६. दहा सिटिंगनंतर हजार कॅन्सर पेशींमागे एक उरते, निरोगी हजारांमागे सहा. तीस सिटिंग संपता संपता १०० कोटी कॅन्सर पेशींमागे एक उरते आणि तितक्याच निरोगी पेशींमागे २०० पेक्षा जास्त. चक्रवाढ व्याजाचा जो हिशोब, तोच इथे. आणि यात मी एक गोष्ट धरलेलीच नाही. या सहा आठवड्यांत निरोगी ऊतींच्या मूळ पेशी विभागून रिकाम्या जागा भरत राहतात, आजूबाजूचा डोस न लागलेला भागही नव्या पेशी पाठवतो. त्यामुळे प्रत्यक्षात चित्र निरोगी बाजूला याहून बरंच चांगलं असतं.

हे सगळं चालतं दोन सिटिंगच्या मधल्या वेळात. एका सिटिंगनंतर निरोगी पेशींची बहुतेक दुरुस्ती पहिल्या काही तासांत उरकते. दिवसातून दोनदा डोस द्यायची वेळ आली तर आम्ही मध्ये किमान ६ तास ठेवतो, ते याच कारणाने.

डोस विभागून द्यायची ही पद्धत अनुभवातून सापडली. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच डोसमध्ये मेंढ्याच्या अंडकोषातली शुक्रपेशींची निर्मिती कायमची थांबवायची म्हटली तर वरची कातडी भयंकर जळायची. तोच डोस काही दिवसांत वाटून दिला की निर्मिती थांबायची आणि कातडी टिकायची. शुक्रपेशी झपाट्याने विभागतात, म्हणून त्यांनी त्यांच्याकडे गाठीचा नमुना म्हणून बघितलं. त्याच शहरात आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरवर वापरली आणि ऑपरेशनशिवाय काही पेशंट बरे झाले. दुरुस्तीचं विज्ञान नंतर, १९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: दोन-तीन दिवसांत का नाही? समजा सगळं एका दिवसात द्यायचं ठरवलं. आम्ही रोज वापरतो त्या समीकरणाने मांडलं तर तोंडाच्या कॅन्सरवर ६० ग्रेइतका परिणाम साधायला एका फटक्यात सुमारे २२ ग्रे पुरतील. ऐकायला स्वस्त वाटतं. पण जबड्याचं हाड, मज्जारज्जू, गालाचे स्नायू, रक्तवाहिन्या यांच्या पेशी हळू विभागतात आणि छोट्या मारातून सावरायची त्यांची ताकद मोठी असते. फक्त मार छोटाच असायला हवा. मोठ्या डोसला त्यांची दुरुस्ती कोलमडते. त्याच समीकरणात तो २२ ग्रेचा एक डोस या ऊतींना ३० सिटिंगच्या जवळपास दुप्पट इजा करतो. हाड कुजणं, तोंड कायमचं आवळून जाणं हे त्या दुप्पट इजेचे अर्थ. इतक्या मोठ्या डोसला हे समीकरण नेमकं लागू पडत नाही, पण दिशा हीच असते.

मग शेजारच्या कोणाला पाचच सिटिंग कशा दिल्या? देतात, आणि त्यामागे हेच गणित असतं. प्रोस्टेट आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मोठ्या डोसला तुलनेने जास्त बळी पडतात, म्हणून तिथे सिटिंग कमी करता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की ५ सिटिंगमध्ये दिलेले २६ ग्रे १५ सिटिंगच्या ४० ग्रेइतकेच चालतात. मेंदूतली किंवा फुप्फुसातली छोटी गाठ असेल तर किरण इतक्या नेमकेपणाने तिच्यावर गोळा करता येतात की बाजूच्या भागाला मोठा डोस पोहोचतच नाही. गालाच्या आत तशी मोकळी जागा नाही. तिथे हाड, दात, लाळग्रंथी, जीभ सगळं एकमेकांना खेटून आहे.

अजून एक फरक ऑक्सिजनचा. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. रक्तवाहिनीपासून सुमारे ०.१५ मिलिमीटर दूर गेलं की ऑक्सिजन संपतो, हे थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये दाखवलं. ऑक्सिजन हजर असेल तर किरणांनी केलेलं डीएनएचं नुकसान पक्कं होतं. नसेल तर तितक्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. इथे गाठीची बाजू वरचढ ठरते, कारण निरोगी ऊतींना भरपूर ऑक्सिजन असतो. रोज थोडं थोडं देण्याचा इथेही उपयोग होतो: वाहिनीजवळच्या पेशी आधी मरतात, मग आतल्या भुकेल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो आणि पुढच्या सिटिंगला त्याही टिपल्या जातात.

म्हणूनच रेडिएशन चालू असताना विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना उपचाराचा फायदा कमी मिळतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. मिसरी, तंबाखू, गुटखा यांचं वेगळं: त्याने रेडिएशनमुळे सोललेलं तोंड आणखी चिघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवा कॅन्सर तयार होत राहतो. वडिलांची ही सवय अजून पूर्ण सुटली नसेल तर आजच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका. सोडवण्यासाठी गोळ्या आहेत, निकोटिनचे गम आहेत.

हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर बघतील. पण रक्त वाढवायची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घेऊ नका. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनबरोबर एरिथ्रोपोएटिन, म्हणजे असंच रक्त वाढवायचं इंजेक्शन, देऊन बघितलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमोग्लोबिन वाढलं, पण आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण घटलं. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचंही तसंच. कॅनडात याच कॅन्सरच्या ५४० पेशंटवर व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिनचा अभ्यास झाला. तोंडाचा त्रास थोडा कमी झाला, पण गाठ उलटण्याकडे कल वाढलेला दिसला. वर सांगितलेलं हायड्रॉक्सिलचं काम आठवा, म्हणजे याचं आश्चर्य वाटणार नाही. जेवणातली फळं-भाज्या खुशाल द्या. व्हॉट्सॲपवरून आलेले काढे, अर्क, पावडरी मात्र सहा आठवडे बाजूला ठेवा. ‘निदान अपाय तरी नाही’ म्हणून दिलेली गोळी गाठीच्या पेशीलाही वाचवू शकते.

आणि आता लग्न. या मुद्द्यावर मी घरच्यांशी सगळ्यात जास्त वाद घालते.

रेडिएशन सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सर पेशींचं विभाजन वेग घेतं. मार खाऊन उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत, जागा आणि पोषण मिळालं की आधीपेक्षा जोरात वाढतात. त्या टप्प्यावर दर दिवशी सुमारे ०.६ ग्रे डोस नुसता त्या दिवसाची वाढ खोडून काढण्यात जातो. म्हणजे पाचव्या आठवड्यात सात दिवसांची सुट्टी घेतली तर ४ ग्रेहून जास्त, दोन सिटिंगचा डोस, वाया गेला. नंतर दोन सिटिंग वाढवून देऊ म्हणाल, तर त्या दोन सिटिंगचा मार जबड्यालाही बसणारच. डेन्मार्कमध्ये तेवढ्याच सिटिंग आठवड्याला पाचऐवजी सहा देऊन बघितल्या. डोस तोच, फक्त उपचार आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी आजार जागेवर आटोक्यात असलेले पेशंट ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. एका आठवड्याची किंमत यावरून बघा.

दोन सिटिंगमधले काही तास निरोगी पेशींच्या उपयोगी पडतात. लांबलेले दिवस गाठीच्या उपयोगी पडतात. शनिवार-रविवारची सुट्टी हिशोबात धरलेली असते, त्याहून जास्त नको. लग्न वडिलांच्या गावातच किंवा दोन-तीन तासांच्या अंतरावर असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या. मशीनवर सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात, दुपारपर्यंत मांडवात पोहोचता येतं. तारीख कळली की लगेच डॉक्टरांना आणि टेक्निशियनला सांगा. एखादा दिवस खरोखर चुकणारच असेल, किंवा मशीन बंद पडलं, तर शनिवारी किंवा एकाच दिवशी ६ तासांच्या अंतराने दोन सिटिंग देऊन भरून काढता येतं. ‘तोंड फार आलंय, चार दिवस आराम करू द्या’ असं घरून ठरवून पेशंटला न आणणं, हे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. अशा वेळी नाकातून नळी घालून पोट भरता येतं, दुखणं कमी करायला मॉर्फिनपर्यंतची औषधं आहेत. सिटिंग थांबवायची गरज क्वचितच पडते.

निरोगी पेशी वाचवण्याचा अर्धा भाग मात्र जीवशास्त्रात नाही, भूमितीत आहे. मार सारखा बसतो हे खरं, पण बसतो तो जिथे किरण पोहोचतात तिथेच. वडिलांच्या चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेली जाळी बसवून मास्क बनवतील, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहील. मग सीटी स्कॅनच्या प्रत्येक चित्रावर आम्ही हाताने रेषा काढतो: गाठ होती ती जागा, मानेतल्या लसिकाग्रंथींची जागा, आणि वाचवायचे भाग, म्हणजे मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, गिळण्याचे स्नायू. श्वास, गिळणं, मास्कमधली किंचित हालचाल यांसाठी भोवती ३ ते ५ मिलिमीटरची जागा सोडावीच लागते, आणि त्या जागेतल्या निरोगी पेशींना पूर्ण डोस मिळतो. त्यापलीकडे तो झपाट्याने उतरतो. मज्जारज्जू ४५ ग्रेच्या आसपास थोपवायचा, कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचं. वेगवेगळ्या दिशांनी तीव्रता बदलत किरण देणाऱ्या आयएमआरटी तंत्राने हे खूप सोपं झालं. ब्रिटनमध्ये जुन्या तंत्राशी तुलना केली तेव्हा वर्षभरानंतर तोंडाच्या मध्यम किंवा त्याहून जास्त कोरडेपणाचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ वर आलं. तुमच्याकडे कोबाल्टचं जुन्या धाटणीचं मशीन असेल म्हणून कॅन्सर मरणार नाही असं नाही. तिथे लाळग्रंथी वाचवणं अवघड जातं, इतकंच. दोन्ही सोयी आवाक्यात असतील तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

घरात काय दिसेल तेही सांगते. गालाच्या अस्तराच्या पेशी तळाशी तयार होतात आणि वर सरकत साधारण दोन आठवड्यांत गळून पडतात. किरणांनी तळाचं उत्पादन मंदावतं, पण वरचा साठा काही दिवस पुरतो, म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस सगळं छान असतं. मग साठा संपतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाल लालभडक होतो, त्यावर पांढरट साय धरते, चहाचा घोट झोंबतो, चव जाते. घरचे घाबरून म्हणतात, उपचार उलटला. नाही, ही तळाच्या पेशींची उसंत नसलेली अवस्था आहे, आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचं अस्तर काही आठवड्यांत पुन्हा भरून येतं. तोवर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या, तिखट बंद, मऊ खिमट, लापशी, अंडं, दूध, ताक. वजनावर दर आठवड्याला लक्ष ठेवा. वजन उतरलं तर मास्कही सैल होतो आणि वरची सगळी भूमिती बिघडते. लाळ आणि चव यांना महिने लागतात, लाळ काहींची पूर्ण येत नाही.

बाहेरून दिलेल्या किरणांनी वडील किरणोत्सर्गी होत नाहीत. नातवंडांना जवळ घेऊ द्या, एका ताटात जेवू द्या.

उशिरा दिसणारा परिणाम हाडाचा. जबड्याच्या पेशी हळू विभागतात, म्हणून त्यांची इजा वर्षांनी वर येते. रक्तपुरवठा कमी झालेल्या हाडातून दात उपटला की जखम भरत नाही आणि हाड उघडं पडू शकतं. म्हणून रेडिएशन सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, काढायचे दात आताच काढून किमान दहा-चौदा दिवस जखम भरू द्या. पण ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, तेव्हा ही भेट या आठवड्यातच घ्या. फ्लोराइड जेल लिहून देतील, ते कायम वापरायचं. तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून, रोज. उपचार संपल्यावर कोणत्या भागाला किती ग्रे डोस दिला त्याचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. पाच-दहा वर्षांनी दात दुखला तरी खुर्चीत बसण्याआधी तो कागद डेंटिस्टच्या हातात द्यायचा.